पांढऱ्या फियाटीवरील डांबराचा पाडाव

श्री मारुती प्रसन्न.

शके १८९३, विरोधकृत् नाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, वार शुक्रवार, ते दिवशी मौजे टाकेवडगाव, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, येथील वेशीवर जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत गावच्या चार जाणत्यांनी सेवकास आज्ञा करून लिहविली. कारण की, स्टँडावरील चहाच्या टपरीत त्या हकीकतीस रोज नवे शिंग फुटते, आणि कोणी म्हणतो मोटार चौदा बैलांनी ओढिली, आणि कोणी म्हणतो ओढिलीच नाही, ती उडाली. मग खरे ते बुडते आणि खोट्याचे फावते. सेवक प्राथमिक शाळेत इयत्ता चौथीस इतिहास शिकवितो, मोहिमेचे तिन्ही दिवस आबासाहेबांचे ओट्यावर बसून होता, आणि एका बादलीस त्याचा हातही लागला आहे. सबब जे पाहिले ते लिहितो, जे पाहिले नाही ते विचारून लिहितो, आणि जे विचारूनही कोणी सांगितले नाही ते अदमासाने परंतु प्रामाणिकपणे लिहितो.

तरी पूर्वपीठिका ऐसी. टाकेवडगावी पोळ्याचे दिवशी अवघ्या गावचे बैल वेशीतून मिरवीत मारुतीचे दर्शनास नेण्याची चाल आहे. वेशीस आंब्याच्या पानांचे तोरण बांधितात, आणि पहिली जोडी ज्या घरची, त्या घराने तोरण तोडावे, मग बाकी गावाने मागून यावे. हा पहिला मान सात पिढ्या आबासाहेबांचे घराण्याकडे चालत आला. कासरा त्यांचा सालगडी छगन याने वेशीपर्यंत धरावा, आणि वेस पाच पावले राहिली की आबासाहेबांनी तो आपले हाती घेऊन पुढे व्हावे आणि तोरण तोडावे, ऐसा शिरस्ता. छगन या घरी बावीस वर्षे होता, आणि बावीस वर्षे त्याने पाच पावले अलीकडे कासरा मालकांचे हवाली करून बाजूस उभे राहावे, आणि तोरण तुटले की सर्वांहून मोठी आरोळी त्यानेच ठोकावी.

मग काळाने डाव साधिला. मानाच्या जोडीतील पवळ्या नामे बैल माघात म्हातारपणाने वारला, आणि त्याचा जोडीदार हौश्या महिनाभर दावणीस मान खाली घालून उभा राहिला, आणि वैरणीस तोंड न लावता तोही गेला. छगन तीन दिवस जेवला नाही. आबासाहेबांस सर्वांनी मसलत दिली की नवी जोडी आणावी. परंतु त्यांचे मन भाड्याच्या ट्रॅक्टरावर जडले होते, आणि त्या साली ऊस चांगला गेला होता, आणि मनुष्यास ऊस चांगला गेला की काय सुचेल याचा नेम नसतो. मग ते भिंगारास गेले, आणि तेथे लष्करातील कोणी साहेब बदली होऊन दूर मुलखी जात होते, त्यांजकडून पांढरी फियाट मोटार खरेदी करून स्वतः हाकीत गावात दाखल जाहले. गावाने तोंडात बोटे घातली. छगनाने मोटारीभोवती एक प्रदक्षिणा केली, मागील अंगास क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मालक, हिला शेपूट न्हाई व्हय?"

आता आबासाहेबांचे चुलत बंधू सहादेव म्हणून आहेत. बांधास बांध, भिंतीस भिंत, आणि मनात सात पिढ्यांची तिडीक. पहिला मान थोरल्या पातीस आणि दुसरा धाकट्या पातीस, म्हणजे सहादेवांस. तेव्हा ह्यांचे घरी दोन तपे पोळ्यास आबासाहेबांच्या बैलांची शेपटेच तेवढी पाहावयास मिळाली होती. आबासाहेबांचे दावणीस बैल नाही हे पाहताच त्यांनी मारुतीचे पारावर सभा भरविली आणि अर्ज गुजराणिला की, बैलच नाहीत तर मान कसला, सबब तो आम्हांस मिळावा. आबासाहेब उठून म्हणाले की, बैल नसेल तर मोटार नेऊ. हे ऐकून सभा इतकी हसली की पिंपळावरील कावळे उठले. परंतु आबासाहेब हसले नाहीत, आणि जो मनुष्य हसत नाही त्याचे म्हणणे शेवटी ऐकून घ्यावेच लागते.

निवाडा करणारे गोरक्षनाथ गुरव. वय ऐंशीचे पुढे, दृष्टी मंद, परंतु गावच्या रीतिभातींचा पोथीखाना त्यांच्याच डोक्यात. त्यांनी दोन चिमटी तपकीर ओढून फर्माविले जे, ज्याचे ओझे जो वाहतो तो त्याचा बैल. आबाचे ओझे मोटार वाहते. सबब मोटारीस मान चालेल. मात्र जी अट बैलास तीच मोटारीस. मानाच्या जनावराचे अंगावर डाग नसावा. डाग आढळल्यास मान सहादेवाकडे जाईल, आणि एकदा गेला तो गेला, पुन्हा मागू नये. आबासाहेबांनी मोटारीकडे पाहिले. ती बगळ्यासारखी पांढरी उभी होती. त्यांनी अट कबूल केली आणि मिशीस पीळ दिला. येथपर्यंत सर्व ठीक चालले होते.

मग त्रयोदशी, बुधवार, ते दिवशी आबासाहेब छगनास शेजारी बसवून नगरास गेले, आणि कापडबाजारात मोटारीच्या टपास पुरेल ऐसी आरसे लाविलेली झूल शिवून घेतली, आणि घुंगुरमाळा दोन घेतल्या, आणि दुपारी परतीचे कूच केले. हमरस्ता सोडून गावचे वाटेस लागावे तो फाट्यावर सडकेच्या कामावरील मच्छिंद्र मुकादम लाल फडके हलवीत रस्त्याचे मधोमध उभा. येथे वाचणारांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मागील महिन्यात तालुक्याच्या कचेरीवर लाल बावट्याचा मोर्चा आला होता, आणि आबासाहेब कामानिमित्त तेथे गेले असता, कपडे कडक इस्त्रीचे पाहून मोर्चाने त्यांसच कोणी अंमलदार समजून दोन घटका उन्हात कोंडून धरिले होते. तेव्हापासून लाल फडके पाहिले की त्यांचे छातीत धडकी भरत असे. त्यांनी फडके पाहिले, त्यामागे हाती फावडी धरिलेली काळी तोंडे पाहिली, आणि ओरडले, "छगन, काच वर घे! मोर्चा हाय!"

काचा वर गेल्या. मच्छिंद्र मुकादम बिचारा बोंबलत होता, "आवो थांबा! वलं हाय, डांबर वलं हाय!" परंतु काचेआडून शब्द आत जाईना, नुसते तोंड हलताना दिसे. मुकादम जीव घेऊन चारीत उतरला, आणि आबासाहेबांनी मोटार भरधाव सोडून दोन फर्लांग ओल्या डांबरावरून गनिमाची फळी फोडली. मग चाकांनी डांबर उचलून आपल्याच धन्याच्या दोन्ही अंगांवर भिरकाविले. आणि पुढे मैलभर फुफाटा होता, त्याने डांबरावर मातीचा गिलावा चढविला. आणि रतनबाई, म्हणजे सहादेवांचे कुटुंब, यांची एक कोंबडी आडवी आली, ती वाचली, परंतु तिची दोन पिसे डाव्या दारास चिकटून राहिली. वाड्यावस्त्यांवरचे लोक पाहावयास धावले. मोटार अंगणात उभी राहिली तेव्हा ती पांढरी होती हे ज्यास ठाऊक होते त्यासच कळत होते.

आबासाहेब खाली उतरले. पोळा परवावर होता.

पहिला हल्ला त्याच सायंकाळी. आबासाहेबांनी धोतराचा काचा मारिला, विहिरीवरून बादल्यांची रसद लाविली, आणि अंगाच्या साबणाच्या दोन वड्या आणि घोंगडीचा एक तुकडा ऐसा सरंजाम घेऊन चारी बाजूंनी मोर्चे लाविले. बावीस बादल्या खर्ची पडल्या. मातीने पहिल्या दहा बादल्यांतच शस्त्र खाली ठेविले, आणि पिसेही शरण आली. परंतु माती हटताच तिच्यामागे दडलेले डांबर उघडे पडले, आणि ते असे की, आधी मळके तरी होते, ते आता सचैल स्नान करून काळेभोर तकाकत उभे राहिले. दिवा लावावयाची वेळ जाहली आणि उभय दळे मागे हटली.

चतुर्दशी, गुरुवार, सकाळी दुसरा हल्ला. आबासाहेबांनी विचार केला की, पितळेची घागर काळी पडते, तिला आपल्या घरी राखेने आणि विटकरीच्या भुग्याने लख्ख करितात. मोटार म्हणजे तरी काय, मोठी घागरच. मग नारळाचा काथ्या घेऊन त्यांनी उजवे दार घासावयास आरंभ केला. डांबर ढिम्म. परंतु दारावर मांजराने नखे मारावीत तसे ओरखडे उठले. इतक्यात त्यांचे कुटुंब विजयमालाबाई बाहेर आल्या. बाई सावेडीच्या माहेरवाशीण, सातवी पास, बोलणे थोडके आणि धारेचे. त्यांनी काथ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "अहो, डाग राहिला तर मान जाईल, आणि असंच घासत बसलात तर दार जाईल." दुसरा हल्ला तेथेच तहकूब जाहला.

तिसरा हल्ला रॉकेलाचा. हे अस्त्र जबर, याविषयी सर्व जाणत्यांचे एकमत. परंतु रेशनाचे रॉकेल पहिल्या तारखेस मिळावयाचे, आणि घरात कंदिलापुरते अर्धी बाटली उरले होते. तरी ते ओतिले. आणि खरोखर डांबर हलले! परंतु हलले ते गेले नाही, पसरले. ठिपक्याचे पान जाहले आणि पानाची पत्रावळ जाहली, आणि पुढील डावी बाजू म्हशीच्या रंगाची होऊन बाटली संपली. दारूगोळा संपलेल्या फौजेने जसे उभे राहावे तसे आबासाहेब रिकामी बाटली हाती घेऊन उभे राहिले. सेवकाने ओट्यावरून धीर दिला, तेव्हा त्यांनी सेवकाकडे जे पाहिले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

नेमक्या या घटकेस सहादेवांची स्वारी कुंपणावर आली. मुद्रा दुःखी, डोळे हसरे. "आबादादा," ते म्हणाले, "मी म्हन्तो, कशाला जिवाला तरास? यंदा माझी जोडी फुडं घालू. तुमी मागनं मोटारीत बसून या, निवांत. सावलीला."

"सहादू," आबासाहेब म्हणाले, "पोळा उद्या हाय. आज न्हाई."

"तेच म्हन्तो मी, उद्याच हाय," ऐसे म्हणून सहादेव गेले, आणि जाताना आपल्या बैलांच्या शिंगांस लावावयाचा हिंगूळ मोठ्या आवाजाने मागविते जाहले.

यावर आबासाहेबांचा धीर खचला. ते घरात गेले, डोईवर उपरणे ओढून भिंतीकडे तोंड करून निजले, आणि जेवणास उठले नाहीत. सात पिढ्यांत कोणी गमाविले नाही ते आपण लाल फडक्यास भिऊन गमाविले, हे त्यांचे मनास डाचत होते. यात चेष्टेचे काही नाही. मनुष्यास मान लागतो, मग तो आंब्याच्या पानांचा का असेना. सेवकास त्या दिवशी त्यांची खरोखर कीव आली.

आता छगनाची गोष्ट. पोळ्याचे आदले दिवशी, दिवस मावळता, बैलांची खांदमळणी करितात. वर्षभर जू वाहून खांदा निबर होतो, त्यास लोणी आणि हळद चोळून शेकितात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. बावीस वर्षे हे काम छगनाचे. त्या सायंकाळी गावात घरोघर खांदमळण्या चालल्या होत्या, आणि छगन मोकळ्या दावणीपाशी उभा होता, आणि त्याच्या हातांस काय करावे कळेना. मग तो स्वयंपाकघराचे दाराशी गेला आणि म्हणाला, "वैनी, वाटीभर लोनी द्या. आन् हळद."

"कशाला रे?" बाईंनी विचारिले.

"आज चौदस हाय न्हवं."

विजयमालाबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि वाटी भरून दिली. मग छगन मोटारीजवळ गेला, आणि तिचे खांदे कोठे असावेत याचा थोडा विचार केला, आणि पुढील दोन चाकांवरचे फुगीर पत्रे हेच खांदे ऐसे ठरवून तेथे हळद-लोणी चोळू लागला. नेमके तेथेच डांबर सर्वांत दाट होते. छगनास डांबराशी कर्तव्य नव्हते. तो पवळ्यास चोळीत असे तसा खालून वर, गोल हाताने, सावकाश चोळीत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, आणि तोंडाने पुटपुटत होता, "लई दमलीस बाई. नगरला जाऊन आलीस. आज आवतन घे, उद्या जेवाया ये." सेवक ओट्यावर होता. त्याने पाहिले, आणि उठून घरी गेला.

अमावास्या, शुक्रवार. उजाडता छगन ऊन पाणी आणि जुने धोतर घेऊन आला, कारण की रात्रभर मुरलेले लोणी सकाळी पुसून काढावे अशी रीत. त्याने खांदा पुसला आणि धोतर काळे जाहले. त्याने पुन्हा पुसला. पत्रा पांढरा! म्हणजे पिवळसर, परंतु काळे नाव नाही. काल साबणास, राखेस आणि रॉकेलास जे नमले नाही ते वाटीभर लोण्यात विरघळून धोतरावर येऊन पडले होते. छगन घरात धावला आणि त्याने मालकांचे पांघरूण ओढिले. "मालक, उठा! पांढरीनं कात टाकली!"

आबासाहेब आले, पाहिले, बोट लावून पाहिले, बोटाचा वास घेऊन पाहिला, आणि पुन्हा आबासाहेब जाहले. हुकूम सुटला की, लोणी आणा! परंतु वाटी रिती होती, आणि घरात जे लोणी होते ते चार दिवसांचे साचवून पोळ्याच्या तुपासाठी मडक्यात ठेविले होते. आता वाचणारांस ठाऊक आहे की, पुरणाची पोळी तुपाविना म्हणजे काय वस्तू आहे. ज्या घरी सणास पंचवीस पाने वाढावयाची, त्या घरच्या बाईस हा हुकूम किती कठीण. विजयमालाबाई मडक्यापाशी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पदर खोचला, मडके कडेवर घेतले, आणि स्वतः रणांगणी दाखल होऊन म्हणाल्या, "पोळी कोरडी खाऊ. घ्या."

मग घनघोर युद्ध जाहले. छगनाने उजवी बाजू धरिली, आणि आबासाहेबांनी डावी, आणि बाईंनी मागील, आणि सेवकाने चिंध्या पुरविल्या. लोणी चोळावे, दोन घटका मुरू द्यावे, मग ऊन पाण्याने पुसावे, ऐसा क्रम छगनाने घालून दिला, आणि प्रथमच त्या अंगणात छगनाचा हुकूम चालला आणि आबासाहेबांनी तो झेलिला. मध्ये एकदा त्यांनी सुचविले की, काम लोण्याचे आहे, हळदीस रजा द्यावी. यावर छगन ताठ उभा राहिला. "हळदीबिगर खांदमळनी व्हत न्हाई मालक. नुसतं लोनी मंजी तिला पोळीच समजलो आपन." मग हळदही चालू राहिली. दारांवरचे डांबर प्रथम पडले, मग पाठीवरचे, आणि चाकांच्या आतील कमानींत जे दबा धरून बसले होते त्यास बाभळीच्या काटकीस चिंधी गुंडाळून एकेक वेचून काढिले. दोन प्रहरी शेवटचा ठिपका नंबरपाटीच्या कोपऱ्यात सापडला. बाईंनी तो अंगठ्याने पुसला, आणि डांबराचे राज्य बुडाले. कोठे काळे उरले नाही. मोटार मात्र अवघी हळदुली जाहली, आणि मडक्यात मांजरापुरतेही शिल्लक राहिले नाही.

उन्हे कलताच वेशीबाहेर चाळीस जोड्या उभ्या राहिल्या. शिंगे रंगविलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगरू. आणि सर्वांपुढे मोटार, टपावर आरशांची झूल, पुढील दिव्यांस घुंगुरमाळा. दुसऱ्या स्थानी सहादेव आपली जोडी धरून, शेजारी रतनबाई. गोरक्षनाथ गुरव काठी टेकीत मोटारीभोवती फिरले, दृष्टी मंद म्हणून हाताने चाचपून पाहते जाहले, आणि हात चुळचुळीत लागला तेव्हा बोटे हुंगून पाहते जाहले.

सहादेव गर्जले, "गुरवबाबा, डाग! समदी पिवळी हाय की ती!"

गुरवांनी बोटे पुन्हा हुंगली. "आरं, हळद हाय ही. खांदमळनी केल्याली हाय. हळदीला डाग म्हनायला तुजं लगीन न्हाई झालं का?" रतनबाईंस हसू आवरेना, आणि पहिली हरकत निकाली निघाली.

मग आबासाहेबांनी मोटारीत बसून किल्ली फिरविली. यंत्र गुरगुरताच बैल बिथरले. चाळीस जोड्यांत हाहाकार उडाला, एक जोडी मालकासह वांग्याच्या वाफ्यात शिरली, आणि दुसरीने झूल टाकून घरची वाट धरिली. गुरवांनी काठी उगारून यंत्र बंद करविले आणि निवाडा दिला की, मानाचे जनावर गुरगुरत जात नाही, कासऱ्याने जाते. सहादेव संतोषले. परंतु छगन पुढे जाहला, आणि पवळ्याचा कासरा त्याच्या खांद्यावर होताच, तो त्याने मोटारीच्या पुढील दांडीस बांधिला. आबासाहेब आत चाक धरून बसले, मागून सेवक आणि दोन गडी लोटू लागले, छगन कासरा धरून पुढे चालला, आणि मोटार घुंगरे वाजवीत, बोलल्याविना, वेशीकडे निघाली.

वेशीच्या दहा पावले अलीकडे दगडी उंबरा आहे. पुढील चाके उंबऱ्यास भिडली आणि थांबली. लोटिले, मागे आली. पुन्हा लोटिले, पुन्हा मागे आली. बाकी गावाच्या दोन्ही हातांत बैल, तेव्हा कुमकेस कोण येणार? आणि पहिला मान आत गेल्याविना दुसऱ्याने जाऊ नये असा कायदा. दिवस बुडू लागला, बैल भुकेले, पुरणे निवली, आणि दुसऱ्या स्थानी तिष्ठत होते सहादेव. त्यांनी मोटारीकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, आणि कासरा रतनबाईंच्या हाती दिला. "सरका बाजूला," ते सेवकास म्हणाले, "मास्तर, तुमच्यानं घंटा बी वाजत न्हाई." ऐसे म्हणून त्यांनी नवा पांढरा सदरा मोटारीच्या पाठीस भिडविला आणि दात ओठ खाऊन खांदा लाविला. भाऊबंदाचा जोर तो भाऊबंदाचाच. मोटार उंबरा चढली.

आता वेस पाच पावले. छगन बावीस वर्षांच्या सवयीने तेथे थांबला, आणि मागे न पाहता कासरा धरिलेला हात मालकांकडे केला. परंतु मोटार थांबेना. मागे सहादेवांचा जोर, खाली उतार, आणि आबासाहेब चाकास खिळलेले. त्यांनी कासऱ्यासाठी खिडकीतून हात काढिला मात्र, मोटार वेशीच्या खांबाकडे झुकली. "अहो, चाक!" विजयमालाबाई ओरडल्या. आबासाहेबांनी हात आत घेतला. छगन तसाच उभा, हात मागे केलेला, आणि मोटारीची दांडी त्याच्या पोटऱ्यांस टेकली.

"छगन, थांबू नकोस!" आबासाहेब आतून म्हणाले. "चल फुडं!"

"मालक, तोरन?"

"तूच तोड!"

छगन पुढे जाहला. त्याने हात वर केला, आणि तोरण तोडिले. पाने मोटारीच्या टपावर पडली. गाव चिडीचूप राहिले, कारण की या क्षणी जो आरोळी देतो तोच आज तोरणाखाली उभा होता, आणि तो हातात उरलेल्या पानांकडे पाहत होता. मग मोटारीच्या आतून आबासाहेबांनी आरोळी ठोकली, ती मारुतीच्या देवळापलीकडे गेली. मागून सहादेवही ओरडले. परंतु ते मानासाठी की सदऱ्यास लागलेल्या हळदीसाठी, याचा उलगडा आजतागायत जाहला नाही.

देवळात गोरक्षनाथ गुरवांनी मानाची वही काढून सेवकापुढे ठेविली. वर्षवार नोंदी होत्या, आणि तोरण तोडणाराच्या रकान्यात सात पिढ्या एकाच घरची नावे होती. सेवकाने लेखणी घेऊन आबासाहेबांकडे पाहिले. आबासाहेब म्हणाले की, जे जाहले ते लिहा. मग सेवकाने लिहिले, आणि छगनास वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखविले: शके १८९३, श्रावण वद्य अमावास्या. पहिला मान, घराणे आबासाहेबांचे. जनावर, पांढरी मोटार, डाग नाही. तोरण तोडणार, छगन वल्लद धोंडी.

छगन म्हणाला, "मास्तर, बाचं बी नाव हाय त्यात?"

आहे म्हणून सांगितले. त्याने पुन्हा वाचावयास लाविले. सेवकाने तीन वेळा वाचिले. तिसऱ्या वेळी छगनाने डोईचा पटका काढून वहीवर डोके टेकविले, आणि सर्वजण पोळी खावयास गेले.

येणेप्रमाणे डांबराचा पाडाव जाहला, मान घरी राहिला, आणि मोहीम फत्ते पावली. लिहिले ते खरे. कोणास शंका असल्यास वही देवळात आहे, जाऊन पाहावी.